लेखकाचा मृत्यू आणि क्रीडाविश्वाचे आयुष्य

ऑगस्ट १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ या संगणकीय खेळाची जाहीर चाचणी चालू असताना एका खेळाडूने ‘लॉर्ड ब्रिटिश’ या राजाला आगीत मारले. राजाची भूमिका स्वतः निर्माते रिचर्ड गॅरिएट वठवीत होते आणि पात्राला अवध्य ठेवणारी तरतूद चालू करावयाची राहून गेली होती. रोलां बार्त यांनी १९६७ साली घोषित केलेला लेखकाचा मृत्यू येथे अक्षरशः घडला, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावयास हवा. पात्र मेले तरी नियम बदलण्याचा अधिकार निर्मात्याकडेच राहिला होता.

मुद्रित कादंबरी न वाचली गेली तरी ग्रंथालयात टिकून राहते. अनेकांनी एकाच वेळी खेळावयाची भूमिकाक्रीडा मात्र तिच्यात रोज कोणी वावरत असेल तरच अस्तित्वात असते. म्हणून तिच्या दीर्घायुष्याचा इतिहास हा मुख्यतः अधिकाराच्या वाटपाचा इतिहास ठरतो.

या परंपरेचा आरंभ एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ यांनी रचलेल्या, निव्वळ शब्दांनी उभारलेल्या ‘मड’मध्ये आहे. ते पुढे वाढविणाऱ्या रिचर्ड बार्टल यांनी १९९६ च्या निबंधात खेळाडूंचे चार वर्ग कल्पिले: सिद्धी मिळविणारे, शोध घेणारे, सहवास इच्छिणारे आणि इतरांची शिकार करणारे. या वर्गीकरणापेक्षा वर्गांचे परस्परावलंबन अधिक महत्त्वाचे आहे. शिकारी वाढले की सहवासप्रिय निघून जातात, आणि तोल सांभाळण्याचे काम अखेर रचनाकाराकडेच येते.

तो तोल समुदायावर सोपविण्याचा प्रयोग त्याच वंशातील ‘लॅम्डामू’त झाला. पावेल कर्टिस यांनी कॅलिफोर्नियात १९९० मध्ये आरंभिलेल्या या शब्दविश्वाचे व्यवस्थापक ‘जादूगार’ म्हणवीत. डिसेंबर १९९२ मध्ये त्यांनी सामाजिक निर्णयांतून निवृत्ती जाहीर केली. १९९३ मध्ये एका पात्राकरवी इतर पात्रांवर शब्दांतून लैंगिक अत्याचार झाला, तेव्हा समुदायापाशी न्यायाची कोणतीच व्यवस्था नव्हती. अखेर एका जादूगाराने स्वतःच्या जबाबदारीवर ते पात्र नष्ट केले. कर्टिस यांनी त्यानंतर याचिका व मतदानाची पद्धत आणली; तरीही १९९६ मध्ये जादूगारांना निवृत्तीचा निर्णय मागे घ्यावा लागला. लेखकाने अंग काढून घेतल्याने सत्ता नाहीशी झाली नव्हती; ती केवळ बेजबाबदार झाली होती.

‘अल्टिमा’ने २००० मध्ये उलट मार्ग धरला. निर्मात्यांनी विश्वच दुभंगले: एका भागात खेळाडूंची परस्परहत्या चालू राहिली, दुसऱ्यात ती निषिद्ध झाली. शांतता लाभली, परंतु भयापोटी जुळलेल्या परस्पराश्रयाचे कारणही उरले नाही.

या दोन टोकांमधली वाट २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’मध्ये दिसते. तेथे नवी भर खेळाडूंच्या कौलाला टाकली जाते. त्यासाठी दीर्घकाळ ७५ टक्के पसंती आवश्यक होती, ती अट २०२२ मध्ये ७० टक्क्यांवर आली. खेळाच्या मूळ सचोटीला बाधा आणणाऱ्या बाबतींत मात्र निर्माते कौलाविना बदल करतात. येथे लेखक मेलेला नाही आणि निरंकुशही नाही. त्याने आपली सत्ता मान्य करून तिला मर्यादा घातली आहे.

वाचककेंद्री समीक्षेला या इतिहासाने एक अडचणीचा प्रश्न घातला आहे. कौल देतो तो आजचा खेळाडू. जो अद्याप आलेला नाही, त्याला मत नसते. विश्व टिकवावयाचे तर त्या अनुपस्थित वाचकाच्या वतीने कोणीतरी बोलावे लागते. लेखकाचे उरलेले कार्य कदाचित एवढेच आहे.