पांढऱ्या कोळशाचें गिऱ्हाईक

नागपुराहून अमरावतीच्या रस्त्यानें निघालें म्हणजे वाडीस मालाच्या गुदामांची आणि लहानमोठ्या कारखान्यांची रांग लागते. समजा, येथील एखाद्या कारखानदारानें मनाशीं ठरविलें कीं, आपलीं यंत्रें यापुढें कोळशाच्या विजेवर चालवावयाचीं नाहींत. वरवर पाहतां गोष्ट सोपी. दाम मोजावे आणि स्वच्छ वीज घ्यावी. परंतु कोराडीच्या कोळशाची वीज आणि सातारा जिल्ह्यांत वनकुसवड्याच्या पठारावर वाऱ्यानें उत्पन्न केलेली वीज एकाच जाळ्यांत शिरते, आणि एकदां शिरली कीं तिला ना रंग, ना गंध. दुधांतून पाणी वेगळें करणारा हंस कवींनीं तरी कल्पिला आहे. विजेच्या बाबतींत तसा हंसहि नाहीं. मग हा गृहस्थ विकत घेतो तें काय? याचा थोडा पूर्वेतिहास आज श्रोत्यांपुढें ठेवावयाचा आहे.

या इतिहासाचा एक धागा नागपुरांतूनच निघतो. १ जानेवारी १८७७ रोजीं येथें एम्प्रेस मिल सुरू करणारे जमशेटजी टाटा यांनीं पुढें सह्याद्रीच्या पाण्यापासून मुंबईसाठीं वीज काढण्याचा बेत मनांत धरला. १९०४ सालीं ते निवर्तले. त्यांच्या मागें सर दोराबजींनीं काम तडीस नेलें. १९१० सालीं कंपनी स्थापन झाली आणि तिचें भांडवल मुख्यतः या देशांतच उभें राहिलें. लोणावळें, वळवण व शिरवटें येथील तलावांचें पाणी घाटाखालीं खोपोलीस उतरविण्यांत आलें, आणि फेब्रुवारी १९१५ मध्यें तेथील वीज परळच्या गिरण्यांकडे धांवूं लागली. पाण्यास ‘पांढरा कोळसा’ म्हणण्याचा प्रघात त्या काळचाच.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. गिरणीवाले या विजेकडे हरखून धांवले, असें मुळींच नव्हे. त्यांच्या आवारांत वाफेचीं इंजिनें पैसे मोजून बसविलेलीं होतीं. तीं मोडींत काढावयाचीं कोणी? तथापि कोळसा दूर बंगालहून आणावा लागे, आणि त्या खर्चाच्या मानानें घाटावरील पाणी परवडणारें होतें. धूर कमी होणें हा वरकड लाभ. म्हणजे सौदा स्वस्ताईचा होता, सद्‌हेतूचा नव्हता. आणि मला तर वाटतें, म्हणूनच तो टिकला. शिवाय खोपोलीहून परळास येणारी तार खास त्याच कामासाठीं होती. आपली वीज कोठून येते याविषयीं गिऱ्हाइकास शंका घेण्याचें कारणच नव्हतें.

ही वीज सर्वांनाच स्वस्त पडली, असें मात्र म्हणवत नाहीं. मुळशीच्या धरणाखालीं ज्यांचीं गांवें व भातखाचरें जावयाचीं होतीं, त्या मावळ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापट यांचें नांव त्या लढ्याशीं कायमचें जोडलें गेलें. धरण झालेंच, आणि १९२७ पासून भिऱ्याची वीज मुंबईस मिळूं लागली. गिरणीच्या बिलांत मुळशीच्या शेतकऱ्याचा आंकडा कोठेंच नव्हता.

पुढें सरकारी वीज मंडळें आलीं, तारांचें जाळें प्रांतोप्रांतीं पसरलें, आणि कोणाची वीज कोणाकडे जाते हा प्रश्नच निरर्थक झाला. २००३ च्या वीज कायद्यानें नियामक आयोगांवर असें काम सोंपविलें कीं, वीज कंपन्यांनीं आपल्या खरेदीचा ठराविक हिस्सा नूतनशील साधनांपासून घ्यावा. पण ज्या प्रांतांत वारा नाहीं, तेथें काय करावें? यावर २०१० सालीं प्रमाणपत्राची युक्ति निघाली. पवनचक्कीवाल्यानें वीज विकावी साध्या विजेच्या भावानें, आणि तिच्या स्वच्छपणाचा दाखला विकावा निराळा. एक हजार युनिटांस एक दाखला. यांतली मेख अशी कीं, दाखला दुसऱ्यास गेला म्हणजे ती वीज घेणाऱ्यास ‘माझी वीज स्वच्छ’ असें म्हणण्याचा हक्क उरत नाहीं. एकाच पुण्याचे दोघे धनी होऊं शकत नाहींत.

युक्ति नामी, पण बाजार बसला. सौर दाखल्याची किमान किंमत आरंभीं १२,००० रुपये होती. २०१७ सालीं ती १,००० वर आली. ज्यांनीं दाखले घ्यावयाचे त्या वीज कंपन्यांपैकीं कित्येकांनीं टाळाटाळ केली, आयोगांनीं मुदती वाढवून दिल्या, आणि न विकलेल्या दाखल्यांचा ढीग सांचला. स्वतःपुरती वीज निर्माण करणारे कारखानदार न्यायालयांत गेले; २०१५ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्यांचेंहि बंधन कायम केलें. २०२० च्या जुलैपासून २०२१ च्या नोव्हेंबरपर्यंत तर बाजारच बंद होता. मौज अशी कीं, मोठ्या जलविद्युत् केंद्रांस सरकारनें नूतनशील ऊर्जेंत गणलें तें २०१९ च्या मार्चांत. पांढऱ्या कोळशास शंभर वर्षांनीं पंक्तींत पान मिळालें!

आमच्या वाडीच्या कारखानदारापुढें आतां तीन वाटा आहेत. दाखले घ्यावेत, हें सर्वांत सोपें. पण त्या पैशानें नवी पवनचक्की उभी राहिली, कीं जुन्याच चक्कीच्या मालकास थोडी वरकमाई झाली, हें दाखल्यावर लिहिलेलें नसतें. दुसरी वाट अशी कीं, वीज कंपनीसच जादा दर द्यावा. राज्य आयोगानें २०२१ च्या मार्चांत तो युनिटास ६६ पैसे ठरविला होता. तिसरी वाट थेट उत्पादकाशीं करार करण्याची. पूर्वीं ती एक मेगावॉटच्या खालच्या गिऱ्हाइकास बंद होती. २०२२ च्या केंद्रीय नियमांनीं ती शंभर किलोवॉटपर्यंत खुली झाली. मात्र वाहतुकीचा आकार आणि अधिभार त्यावर चढतात, व करार पुष्कळ वर्षांचा असतो. तथापि खोपोलीच्या सौद्याशीं कांहीं नातें सांगतां येईल असा हाच एक व्यवहार आहे. कारण गिऱ्हाइकाची सही झाल्याखेरीज उत्पादकास भांडवल मिळत नाहीं, आणि चक्की उभी राहत नाहीं. ती ज्या माळावर उभी राहावयाची, त्या माळाच्या मालकास काय मिळालें, हेंहि सही करण्यापूर्वीं विचारून घ्यावें.