मुंबईहून लंडन किती दूर?

पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मुंबई व लंडन यांमधील अंतर मोजणारा एक विद्यार्थी मध्यंतरीं येथें अमळनेरास आमच्या पाहण्यांत आला. त्याचें माप बरोबर होतें. सुमारें ७,२०० किलोमीटर. परंतु विमान त्या दोऱ्यावरून जात नाहीं, हें त्यास कोणी सांगितलें नव्हतें.

आफ्रिकेस वळसा घालणाऱ्या शिडाच्या जहाजांना या प्रवासास कित्येक महिने लागत. १८६९ मध्यें सुएझचा कालवा खुला झाला आणि आगबोटींनीं ती मुदत दोन-तीन आठवड्यांवर आणली. भूमीनें घातलेला वळसा मनुष्यानें असा खोदून काढला. आकाशांत तर खोदण्याजोगें कांहींच नाहीं. तेथें तरी वाट सरळ असावी!

३० मार्च १९२९ रोजीं लंडन–कराची विमानसेवा सुरू झाली. पांच हजार मैल, सात दिवस; आणि त्यांतही बाझलपासून जिनोआपर्यंत उतारूंना आगगाडींतच बसावें लागे! कराचीच्या पुढें मुंबईपर्यंतचा दुवा जे. आर. डी. टाटा यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जोडला. टपालाच्या थैल्या घेऊन त्यांचें चिमुकलें विमान अहमदाबादमार्गें जुहूस उतरलें. त्याच वर्षीं इराणनें आपल्या किनाऱ्यावरील मार्गाची परवानगी पुढें चालविली नाहीं, म्हणून ब्रिटिश विमानें आखाताच्या अरबी बाजूनें जाऊं लागलीं. शारजाचें नांव आपल्याकडे क्रिकेटमुळें घरोघरीं झालें. तेथें विमानांचा मुक्काम पडूं लागला तो या नकारामुळें.

८ जून १९४८ रोजीं एअर इंडियाचें ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून निघालें, तें कैरो व जिनीव्हा घेत १० तारखेस लंडनला पोंचलें. आज न थांबतां जाणाऱ्या विमानास साधारणतः नऊ-दहा तास पुरतात. परततांना पश्चिमेचा वारा पाठीशीं असल्यानें थोडे कमीच. पण दोऱ्याची सरळ रेघ अद्याप साधलेली नाहीं. २०२२ मध्यें युद्धामुळें युक्रेनचें आकाश नागरी विमानांस बंद झालें. आणि ज्या कराचीनें हिंदुस्थानास विलायतेचें हवाई दार उघडून दिलें, त्या कराचीवरील आकाशांत एप्रिल २०२५ मध्यें भारतीय विमानांस मज्जाव झाला. वृत्तपत्रांतील ती बातमी वाचतांना आम्हांस टाटांच्या त्या टपालाच्या थैल्या आठवल्या. आज त्या कोणत्या वाटेनें आल्या असत्या?

हें सारें ऐकून घेतल्यावर त्या मुलानें दोरा पुन्हां हातीं घेतला व विचारलें, “सर, मग अमळनेरपासून किती?”

आम्हीं त्यास मुंबईपर्यंतचें अंतर मोजावयास सांगितलें. गोलावर तें त्याच्या नखाएवढेंही भरेना. खरें पाहतां तें सरळ रेषेनें सुमारें सव्वातीनशें किलोमीटर आहे. तेवढ्यासाठीं आमच्या गांवचा उतारू रात्र आगगाडींत काढतो, सकाळीं मुंबईस उतरतो, विमानतळावर तीन तास आधीं जाऊन बसतो. आणि लंडनचें विमान जागचें हालण्यापूर्वींच त्याचा जवळजवळ निम्मा वेळ खर्ची पडलेला असतो.