कृत्रिम रोहिणी आणि जंतुरोधक लेप : एका प्रयत्नाचा इतिहास

शल्यशास्त्रातील काही प्रश्न यशाच्या पोटीच जन्म घेतात. कृत्रिम रोहिणीला होणारा जंतुसंसर्ग हा त्यांपैकी एक होय. रक्तवाहिन्या शिवण्याची विश्वसनीय रीत आलेक्सी कॅरेल यांनी १९०२ साली प्रसिद्ध केली. परंतु रोहिणीचा मोठा भाग निकामी झाल्यास तेथे काय जोडावे, हा प्रश्न त्यानंतरही कित्येक वर्षे शिल्लक होता. १९४७ साली न्यूयॉर्क येथे आर्थर व्होऱ्हीस यांना कुत्र्याच्या हृदयात राहिलेला एक रेशमी टाका चकचकीत पापुद्र्याने आच्छादलेला आढळला. धाग्यावर जर असे अस्तर चढते, तर कापडाच्या नलिकेवरही ते चढेल, या तर्कातून त्यांनी व्हिन्यॉन-एन कापडाच्या नलिकांवर प्रयोग केले व १९५२ साली त्यांचे फलित प्रसिद्ध केले. पुढे मायकेल डीबेकी यांनी डॅक्रॉन कापड प्रचारात आणले.

मात्र ज्या टाक्याने आशा दाखविली, त्यानेच धोक्याचीही जाणीव करून दिली. १९५७ साली एलेक व कॉनेन यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेवर केलेल्या प्रयोगांत, पू निर्माण होण्यास एरवी दहा लाखांहून अधिक स्टॅफिलोकॉकस जंतू लागतात, पण रेशमी टाका असेल तर काही शेच पुरतात, असे दिसून आले. परक्या वस्तूच्या आश्रयाने जंतूंचे बळ कसे वाढते, हे यावरून स्पष्ट झाले. कापडी नलिकेच्या भिंतीत सजीव ऊतकाप्रमाणे रक्ताभिसरण नसते; तिला चिकटलेले जंतू चिकट आवरणात दडून बसतात आणि रक्तातून दिलेले औषध त्यांच्यापुढे दुबळे ठरते. तेव्हा बहुधा नलिकाच काढून टाकावी लागते, आणि त्यात अवयव वा प्राण गमावण्याचा धोका असतो.

प्रतिबंधाचा एक मार्ग १९७८ साली केसर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविला. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेत सेफॅझोलिन दिलेल्या गटात संसर्गाचे प्रमाण ०·९ टक्के, तर निष्क्रिय द्रव्य दिलेल्या गटात ६·८ टक्के आढळले. मग औषध नलिकेवरच का बसवू नये? १९८१ साली मूर यांच्या गटाने औषधयुक्त कोलॅजेनाचा मार्ग हाताळला. इतरांनी धनभारित द्रव्यांच्या साहाय्याने औषध बांधण्याचे प्रयत्न केले. पुढे जिलेटिनने सांधलेली डॅक्रॉन नलिका रिफॅम्पिसिनच्या द्रावणात भिजविण्याची सोपी पद्धत विशेष प्रचारात आली. १९८७ साली ग्रिस्टिना यांनी या सर्व प्रयत्नांमागील कल्पना नेमकी मांडली : नलिकेच्या पृष्ठभागासाठी पेशी व जंतू यांची शर्यत लागते, आणि लेपाचे कार्य पेशींना अवधी मिळवून देण्याचे होय.

प्राण्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते. तथापि २५७ रोग्यांवरील ब्रिटिश चाचणीच्या, १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या द्विवार्षिक निष्कर्षांत रिफॅम्पिसिनयुक्त नलिकांचा निश्चित लाभ दिसला नाही. पुढील एकत्रित परीक्षणांतही तसेच आढळले. उलट शस्त्रक्रियेपूर्वी दिलेल्या प्रतिजैविकाचा उपयोग मात्र पक्का ठरला. चांदीचा लेप दिलेल्या नलिकांच्या बाबतीतही प्रतिबंधाचा निःसंशय पुरावा हाती आला नाही.

यावरून लेप निरर्थक आहे, असे अनुमान काढणे घाईचे होईल. संसर्गाचे प्रमाण दोन टक्क्यांवरून एका टक्क्यावर आल्याचे खात्रीने दाखवावयाचे, तर सर्वसाधारण संख्याशास्त्रीय निकषांनुसार साडेचार हजारांहून अधिक रोगी लागतील. २५७ रोग्यांची चाचणी त्या मानाने फार लहान होय. लाभ सिद्ध न होणे व लाभाचा अभाव सिद्ध होणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. परंतु याच्या उलट बाजूही विसरता येत नाही. लेपातील औषध काही दिवसांत झिरपून जाते, तर संसर्ग वर्षांनंतरही उद्भवू शकतो. शिवाय क्षयरोगावर अत्यंत मोलाच्या असलेल्या रिफॅम्पिसिनला दाद न देणारे जंतू वाढण्याचे भय आहेच.

म्हणूनच आज असा लेप विशेषतः संसर्गित नलिका काढून त्याच जागी दुसरी बसविताना, निवडक रोग्यांत वापरला जातो. तर्क कितीही सुसंगत असला, तरी त्याचा अंतिम निवाडा रोग्याच्या शय्येपाशीच व्हावा लागतो, हाच या इतिहासाचा धडा होय.