बोस्टनचे ड्रॉप नाइन्टीन्स : बाजूला ठेवलेली गाणी

आज ज्या बँडबद्दल बोलणार आहे, त्याचं नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. ड्रॉप नाइन्टीन्स. 1990 मध्ये बोस्टनला सुरू झाला आणि 1995 मध्ये संपला. दोन अल्बम, एक छोटी ईपी, एवढाच त्यांचा संसार. पण एवढ्यात त्यांनी एक अजब गोष्ट केली. ज्या गाण्यांनी त्यांना दार उघडून दिलं, तीच गाणी पहिल्या अल्बमच्या वेळी त्यांनी बाहेर ठेवली. मला आज त्याबद्दलच बोलायचंय.

त्याआधी ‘शूगेझ’ म्हणजे काय, हे थोडक्यात. शब्दाचा अर्थ, बुटांकडे टक लावून बघणं. ब्रिटिश संगीत साप्ताहिकांनी 1990 च्या आसपास थट्टेने पाडलेलं हे नाव. हे वादक स्टेजवर खाली मान घालून उभे असत, कारण पायाशी पेडल्सची रांग असे. पेडल म्हणजे पायाने दाबायची छोटी पेटी. गिटारचा आवाज तिच्यातून गेला की फाटतो, लांबतो किंवा घुमतो. अशा चार-पाच पेट्या एकीला एक जोडल्या की सुटे सूर ओळखूच येत नाहीत, आवाजाचा दाट पडदा तयार होतो. गाणाऱ्याचा आवाज त्या पडद्याच्या आत बुडवायचा. शब्द कळले तर कळले. आपल्या कानाला शब्द पुढे आणि वाद्यं मागे अशी सवय, त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना रेकॉर्डिंग बिघडलंय की काय असंच वाटतं! दोन-तीनदा ऐका, मग त्या गोंगाटाखालची चाल सापडायला लागते.

या शैलीतली मोठी नावं अटलांटिकच्या पलीकडची: डब्लिनमध्ये जमलेला आणि पुढे लंडनला आलेला माय ब्लडी व्हॅलेंटाइन, ऑक्सफर्डचा राइड, रेडिंगचा स्लोडाइव्ह. आणि हे सगळं बोस्टन युनिव्हर्सिटीतली काही पोरं जीव लावून ऐकत होती. ग्रेग ॲकेल गिटार वाजवायचा आणि गायचा. पॉला केली हीसुद्धा गिटार आणि गाणं. मोटोहिरो यासुए तिसरा गिटारवाला, स्टीव्ह झिमरमन बासवर आणि ख्रिस रूफ ड्रम्सवर. तीन गिटार एका बँडमध्ये, म्हणजे पडदा किती दाट विणायचा होता ते बघा.

1991 मध्ये त्यांनी डेमो रेकॉर्ड केले. डेमो म्हणजे कंपन्यांना आणि पत्रकारांना ऐकवायची नमुन्याची कॅसेट. या गाण्यांची वाहवा झाली ती लंडनच्या साप्ताहिकांत! साहजिकच होतं म्हणा, ती गाणी त्यांच्या घरच्यासारखीच वाजत होती. पुढे चाहत्यांमध्ये ही गाणी ‘मेफ्लॉवर’ या नावाने हातोहात फिरत राहिली. 1620 मध्ये इंग्लंडहून माणसं घेऊन ज्या जहाजाने अटलांटिक ओलांडला, त्याचं हे नाव. ती माणसं उतरली प्लिमथला, बोस्टनच्या दक्षिणेला. इंग्लंडहून आलेल्या आवाजाला याहून नेमकं नाव मिळणं कठीण.

करारही झाले. अमेरिकेत कॅरोलाइन रेकॉर्ड्स, ब्रिटनमध्ये व्हर्जिनची उपकंपनी हट. म्हणजे स्मॅशिंग पंपकिन्सचा पहिला अल्बम ‘गिश’ ज्यांनी काढला, तीच दारं. आता शहाणा माणूस काय करेल? कौतुक झालेली गाणी नीट स्टुडिओत वाजवेल आणि अल्बम बाजारात आणेल. यांनी ती बाजूला ठेवली आणि नवी लिहिली. माझ्या मते कारण उघड आहे. त्या डेमोंमध्ये वाजवणारे हात बोस्टनचे होते, पण आवाज उसना होता. तो पहिल्या अल्बमवर छापला असता, तर ‘अमेरिकेतला स्लोडाइव्ह’ ही पाटी गळ्यात कायमची पडली असती.

1992 मध्ये अल्बम आला, ‘डेलावेअर’. नावापासूनच बघा. डेलावेअर हे पूर्व किनाऱ्यावरचं चिमुकलं राज्य, आपल्या गोव्याच्या साधारण पावणेदोनपट. आत ‘विनोना’ नावाचं गाणं आहे, अभिनेत्री विनोना रायडरच्या नावाचं. मॅडोनाचं ‘एंजल’ आहे, पण असं वाजवलंय की मूळ गाणं पाण्याखालून ऐकू यावं. हा ऐवज ऑक्सफर्डचा नाही. टीव्ही आणि रेडिओ ऐकत वाढलेल्या अमेरिकन कॉलेजवयाचा आहे. तुम्ही एकच गाणं ऐकणार असाल तर ‘किक द ट्रॅजेडी’ ऐका. जवळजवळ नऊ मिनिटांचं. गिटार तोच तो वळसा घेत चढत जातात, गाणं असं नाहीच. आणि मधेच एक मुलगी साध्या आवाजात बोलायला लागते, दुपारी कंटाळून मैत्रिणीशी बोलावं तशी. इंग्लिश बँडांनी आवाज धुक्यात ठेवला होता. इथे त्या धुक्यातून एक माणूस बाहेर येतो. मला तरी सगळा अल्बम त्या एका जागेसाठी केल्यासारखा वाटतो.

पण वेळ चुकीची होती. सप्टेंबर 1991 मध्ये निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ आला होता आणि अमेरिकी कंपन्या सिॲटलच्या दिशेने पळत सुटल्या होत्या. ज्या ब्रिटिश साप्ताहिकांनी डोक्यावर घेतलं, तीही पुढे ब्रिटपॉपकडे वळली. बँडही आतून फुटला. केली, यासुए आणि रूफ बाहेर पडले. ॲकेल आणि झिमरमनने नवे लोक घेऊन 1993 मध्ये ‘नॅशनल कोमा’ काढला. त्यात पडदाच नाही, सगळं खरखरीत आणि तुटक. ‘डेलावेअर’वर प्रेम करणारे लोक त्याला नाकं मुरडतात. मला तो आवडतो, निदान पहिल्याची नक्कल तरी नाही. विकला मात्र गेला नाही, आणि 1995 मध्ये दुकान बंद झालं.

केली पुढे स्वतःची गाणी करत राहिली. ॲकेल संगीतापासून दूर राहिला. इंटरनेटच्या काळात दुसऱ्याच पिढीला ‘डेलावेअर’ सापडला, आणि 2022 मध्ये मंडळी पुन्हा एकत्र आली: ॲकेल, झिमरमन, केली, यासुए, आणि ड्रम्सवर ‘नॅशनल कोमा’च्या वेळचा पीट कोप्लिन. 2023 मध्ये ‘हार्ड लाइट’ आला, तीस वर्षांनंतरचा तिसरा अल्बम.

आणि त्या बाजूला ठेवलेल्या गाण्यांचं काय? ती 2025 मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झाली, ‘1991’ याच नावाने. ऐकायला सुरेख आहेत, हे कबूल. मी मात्र सांगेन, आधी ‘डेलावेअर’ ऐका, मग हा. म्हणजे विशीतल्या पोरांनी काय हातचं सोडलं होतं, ते कानाला नीट कळेल.