घरचा अभ्यास घेणार कोण?

गणित अडलं की आज आपण फोटो काढतो आणि मोबाईललाच विचारतो. पण दोनशे वर्षांपूर्वी आपल्याकडे मुलांचा घरचा अभ्यास कोण घ्यायचं?

तेव्हा पंतोजींच्या शाळा असायच्या. कुणाच्या ओसरीवर, नाहीतर देवळात. फळीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटानं अक्षरं गिरवायची, ही धूळपाटी. संध्याकाळी घरी दिवा लागला की परवचा, म्हणजे पाढे मोठ्यानं म्हणायचे. नुसते बे एके बे नाही हं! पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. दीड आणा शेर भावानं सात शेर धान्य? साडेदहा आणे, उत्तर तोंडावर! घरातलं मोठं माणूस ऐकत बसायचं आणि चुकलं की टोकायचं.

पण मेख इथेच आहे. चूक ओळखणारं माणूस ज्या घरात होतं, तिथेच हे चालायचं. मुलींना आणि अस्पृश्य ठरवलेल्या जातींच्या मुलांना तर शाळेचं दारच बंद होतं.

हे चित्र पुण्यात बदलायला लागलं. जोतीराव फुल्यांनी आधी सावित्रीबाईंना घरीच शिकवलं. पुढचा अभ्यास घेतला तो सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर या मित्रांनी. 1848 मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढे फुल्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. 1855 मध्ये तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. जेमतेम तीन वर्षांचं शिक्षण, आणि थेट समाजालाच सवाल!

त्याच वर्षी फुल्यांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणारी माणसं रात्री अक्षरं गिरवायला बसू लागली. याची गरज काय होती? सावकारानं कागदावर काय लिहिलंय, व्याज किती लावलंय, हे वाचता आलं नाही तर जमीन जायची. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीरावांनी अशी फसवणूक सविस्तर मांडली आहे. म्हणूनच 1882 मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. त्यात काय शिकवायचं? मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, शेतीचं ज्ञान. रोज लागणारं शिक्षण!

आजही अनेक घरांत शाळेत जाणारं पहिलंच मूल असतं. आई-बाबांना त्याची वही वाचता येत नाही. त्या मुलासाठी शेजारचा दादा किंवा ताई अर्धा तास बसली, तर तेवढ्यानं फरक पडतो. सावित्रीबाईंचा अभ्यासही असाच कुणीतरी शेजारी बसून घेतला होता. तुमच्या गल्लीत असं एखादं मूल आहे का, बघा. भेटू पुढच्या भागात!