पणजीचा फोटो की पणजीचं चित्र?



गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक ताई मोबाइल दाखवू लागल्या. शहरात राहणाऱ्या त्यांच्या पुतण्याने भावकीची वंशावळ इंटरनेटवर मांडली आहे. त्यात ताईंच्या आजेसासूबाईंचा फोटो होता. गोरापान चेहरा, भरजरी शालू, टपोरी नथ. आम्ही बघतच राहिलो. तेवढ्यात गटातल्या थोरल्या आजी म्हणाल्या, "ही ती नव्हंच. ती सावळी होती, कपाळावर, हनुवटीवर गोंदण होतं. आन् तिचा फोटो काढला कुणी कधी?"

खरंच, फोटो नव्हताच. पुतण्याने चार ओळी सांगितल्या आणि एआयने चेहरा बनवून दिला. भावकीतल्या दोन घरांनी तो उतरवून घेतला. एकाने फ्रेम करून भिंतीला लावला.

पूर्वजांची रूपं घडवणं आपल्याला नवं नाही. देव्हाऱ्यात पूर्वजांचे चांदीचे टाक असतात, गावाच्या वेशीवर वीरगळ असतात. पण टाकावरचा चेहरा हुबेहूब पणजोबांचा, असं कुणी म्हटलं नाही. ती आठवणीची खूण. एआयचं चित्र दिसतं फोटोसारखं, म्हणून ते खरं वाटतं. एआयने आपली पणजी पाहिलेली नसते. लाखो चित्रं पाहून, त्यांत जे जास्त वेळा दिसलं तसं ते रंगवतं. म्हणून गोंदण जातं आणि शालू येतो.

चुकीचं चित्र किती घट्ट बसतं, हे आपल्याच इतिहासात आहे. एके काळी इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच माणसाचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच कागदपत्रांतलं महाराजांचं चित्र शोधलं आणि १९३३ साली लोकांपुढे आणलं, तेव्हा ती चूक सुधारली. महाराजांसाठी कागद होते, शोधणारे होते. आपल्या पणजीसाठी कोण शोधणार? आपल्यालाच शोधावं लागेल.

सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे हेळवी येऊन घराण्याची वंशावळ वाचतात. पण घरोघरच्या वंशावळीत बहुतेक नावं पुरुषांचीच. त्या इंटरनेटवरच्या वंशावळीतही आजेसासूबाईंच्या जागी नुसतं 'पत्नी' लिहिलं होतं. खोटा चेहरा होता, खरं नाव नव्हतं. आम्हाला हेच जास्त लागलं.

मग आम्ही शोधायला बसलो. ताईंनी माळ्यावरची जुनी भांडी काढली. एका पितळी घागरीवर लग्नात कोरलेलं नाव सापडलं. माहेरचं नाव थोरल्या आजींनी सांगितलं, कारण लग्नात आपल्याकडे नाव बदलतं. गोंदण कसं होतं, कोणतं लुगडं नेसायच्या, जात्यावर कुणाबरोबर बसायच्या, हे सगळं आम्ही मोबाइलवर आजींच्या आवाजात भरून घेतलं. गावच्या कोतवाल बुकात जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी असतात. त्या बऱ्याचदा मोडीत असतात, तेव्हा वाचणारा जाणकार गाठायचा. तेवढं काम अजून बाकी आहे.

पुतण्याने ऐकलं. 'पत्नी' काढून दोन्ही नावं लिहिली. चित्राखाली मोठ्या अक्षरांत 'कल्पनाचित्र, एआयने केलेलं' असं टाकलं, आणि वर घागरीचा फोटो लावला.

तुमच्याकडे कुणी असं चित्र केलं तर रागावू नका. प्रेमानेच केलेलं असतं. पण चित्रावरच 'कल्पनाचित्र' लिहायला लावा, म्हणजे कुणी उतरवलं तरी ती ओळ सोबत जाईल. खरा जुना फोटो असेल तर मूळ प्रत तशीच ठेवा, रंगवलेली वेगळी ठेवा. जिवंत माणसाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय टाकू नका.

आणि आजच घरातल्या थोरल्या बाईजवळ बसा. तिच्या आईचं, आजीचं, पणजीचं नाव विचारून वहीत लिहा. ती आहे तोवरच हे विचारता येईल.