कोल्हापुरात शिकायला आलेल्या मुलींनी कुठं फिरावं



जून-जुलैत माझ्याकडं एक ठरलेला फोन येतो. कुणाच्या तरी मुलीला शिवाजी विद्यापीठात नाहीतर कोल्हापूरच्या कॉलेजात प्रवेश मिळालेला असतो. राहायची सोय झालेली असते, डब्याचं बघून झालेलं असतं. मग आई हळूच विचारते, "रविवारी काय करेल गं ती? मॉलमध्ये पैसे उडवत बसेल." यंदा माझ्या नात्यातल्या एका वहिनींनी हेच विचारलं, आणि मागून त्यांच्या सासूबाईंचा आवाज आला, "फिरायला कशाला पाहिजे? ती प्रमादचर्या. शिकायला पाठवलंय."

त्या शब्दावर मी अडले. सासूबाईंनी शब्द नेमका वापरला होता. रत्नकरंडक श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी अनर्थदंडाचे जे प्रकार सांगितलेत, त्यात प्रमादचर्या येते: उगीच माती उकरणं, पाणी उडवणं, आग पेटवणं, झाडाची पानं तोडणं, आणि भटकणं, दुसऱ्याला भटकवणं. पण आचार्यांचा भर ‘विफल’ या शब्दावर आहे. ज्यातून काहीच निष्पन्न होत नाही, ते. म्हणजे प्रश्न असा उरतो की कोल्हापुरात पोरीनं पायी फिरून काही निष्पन्न होतं का? मी याच गावात वाढले, इथंच संसार केला. माझं उत्तर ‘होतं’ असं आहे, आणि त्याला पुरावा गावाच्या इतिहासातच आहे.

सुरुवात दसरा चौकातून करा. या चौकाच्या आसपास अजून वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं उभी आहेत आणि मधे शाहू महाराजांचा पुतळा आहे. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात, ते इथं उभं राहिलं की कळतं. १८९६ मध्ये महाराजांनी राजाराम कॉलेजला जोडून सगळ्यांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं. पण प्रत्यक्षात त्याचा फायदा एकाच वर्गाला झाला. तेव्हा त्यांनी वाट बदलली आणि प्रत्येक समाजाला आपापलं वसतिगृह काढायला जागा दिली, पैसा दिला. १९०१ मध्ये मराठ्यांचं निघालं, त्याच वर्षी आपलं दिगंबर जैन बोर्डिंग निघालं, आणि पुढच्या वर्षांत मुस्लिम, लिंगायत अशी रांगच लागली. खेड्यातली मुलं शेंगा, भाकरीचं पीठ बांधून घेऊन इथं येत. त्यांच्या खिशात काही नसे. त्यांच्यासाठी गाव म्हणजे पायी फिरण्यापुरतं, फुकट बघण्यापुरतं. कोल्हापुरातली स्वस्त फिरायची ठिकाणं ही आजची गोष्ट नाही, शंभर-सव्वाशे वर्षं हे गाव खिसा रिकामा असलेल्या विद्यार्थ्यांचंच आहे.

याच जैन बोर्डिंगात कुंभोजचा एक मुलगा राहायचा, भाऊराव पायगोंडा पाटील. १९०८ मध्ये महाराजांनी अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू केलं. चरित्रकार सांगतात की भाऊराव त्या समारंभाला गेला, आणि परत आल्यावर त्याला अंघोळ करून आत यायला सांगितलं तेव्हा त्यानं नकार दिला. त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. पुढं महाराजांनी त्याला आपल्याकडं ठेवून घेतलं. हाच मुलगा कर्मवीर झाला, १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यानं रयत शिक्षण संस्था काढली, आणि साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली.

ही गोष्ट आपल्या समाजाला फारशी सोयीची नाही, म्हणून पाठशाळेत ती निम्मीच सांगतात: कर्मवीर आपले, एवढंच. मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. तो मुलगा त्या दिवशी फक्त गावात चालत गेला होता. दोन वसतिगृहांमधलं अंतर पायी जाण्याएवढं. ते अंतर चाललाच नसता तर?

मुलींचं मात्र तेव्हा वेगळं होतं. बोर्डिंगं मुलग्यांची होती. चौकातून पुढं निघालात की लगेच सी.पी.आर. लागतं. हा पूर्वीचा आल्बर्ट एडवर्ड दवाखाना. डॉ. कृष्णाबाई केळवकर दरबाराच्या मदतीनं मुंबईत वैद्यक शिकून आल्या आणि त्यांनी इथं काम केलं. त्यांच्या आई रखमाबाई संस्थानातल्या मुलींच्या शाळांचं काम बघत. मी मुलींना घेऊन तिथून जाते तेव्हा ही दोन नावं मुद्दाम सांगते, कारण त्या रस्त्यावर पाटी बघून ती कळत नाहीत.

समोरच टाऊन हॉल. चार्ल्स मँट या इंग्रज अभियंत्यानं १८७० च्या दशकात बांधलेली ही इमारत, भोवती जुन्या झाडांची बाग. बाग फुकट, आणि आतल्या वस्तुसंग्रहालयाला तिकीट अगदी किरकोळ. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. आत जाऊन काय बघायचं? ब्रह्मपुरीच्या टेकाडावर, पंचगंगेच्या काठी, १९४० च्या दशकात उत्खनन झालं. त्यात सातवाहन काळातलं जुनं गाव निघालं, आणि त्या गावात चक्क रोमहून आलेल्या काशाच्या वस्तू. त्यातली समुद्रदेवाची, पोसायडनची, छोटी मूर्ती प्रसिद्ध आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरात उतरलेला माल घाट चढून इथवर येत होता. व्यापाऱ्यांच्या घरातल्या आपण, आपल्याला याचं कौतुक इतरांपेक्षा जास्त वाटायला हवं! त्या टेकाडावर ज्यांनी आधी खोदकाम केलं ते प्रा. के. जी. कुंदनगार राजाराम कॉलेजात कन्नड शिकवायचे. कोल्हापूर संस्थानातले जुने कन्नड शिलालेख गोळा करून छापणारेही तेच.

आणि ते शिलालेख हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, तेव्हा इथं थोडं थांबू दे.

टाऊन हॉलवरून शुक्रवार पेठेत लक्ष्मीसेन मठाकडं चालत जाता येतं. मठातल्या आदिनाथ भगवंतांच्या २८ फुटी मूर्तीचं दर्शन आपण सगळ्याच घेतो. पण या शुक्रवार दरवाज्याच्या परिसरात शिलाहार काळातले लेख सापडलेत, त्यांचं नाव आपल्यातल्या किती जणींनी ऐकलंय? एक शके १०५८ चा, म्हणजे सुमारे ११३५ सालचा. राजा गंडरादित्य, त्याचा सामंत निंबदेव. या निंबदेवानं कोल्हापुरात रूपनारायण बसदी बांधली होती. रूपनारायण ही राजाचीच पदवी. मग त्यानं बाजारात पार्श्वनाथांचं मंदिर बांधलं, आणि व्यापाऱ्यांच्या संघानं बाजारातल्या मालाचा थोडा थोडा भाग त्या मंदिराला लावून दिला. दुसरा लेख ११४३ चा, गंडरादित्याचा मुलगा विजयादित्य याचा. रूपनारायण बसदीचे माघनंदी सिद्धांतदेव, त्यांचा एक शिष्य वासुदेव, त्यानं एका गावात पार्श्वनाथांची बस्ती बांधली. तिला राजानं थोडीशी शेती आणि एक घर दिलं. कशासाठी? पूजा, पडझडीची दुरुस्ती, आणि मुनींचा आहार. नऊशे वर्षांनंतर आपल्या बस्तीच्या मीटिंगमध्ये अजून याच तीन गोष्टींवर चर्चा होते. फक्त दुरुस्तीचा खर्च वाढलाय.

बीए-एमएच्या पोरी या पेठेतून रोज जातात, आणि ‘आपला इतिहास’ म्हटलं की श्रवणबेळगोळच्या सहलीचे पैसे मागतात. श्रवणबेळगोळला जरूर जावं. पण आधी शुक्रवार पेठ.

तिथून पंचगंगेचा घाट जवळच. उन्हाळ्यात संध्याकाळी छान, पावसाळ्यात पाणी चढलं की लांबूनच बघायचं, घाटाच्या पायऱ्यांवर जायचं नाही. ही सूचना गंमत म्हणून नाही.

आता रंकाळा. त्याशिवाय कोल्हापुरात फिरणं होत नाही. पूर्वी इथं दगडाची खाण होती आणि भूकंपानंतर तिच्यात पाणी भरलं असं सांगतात. आपल्याकडं आणखी एक आख्यायिका आहे: गंडरादित्यानं ३६० जैन मंदिरं बांधली आणि त्यांचा दगड याच खाणीतून गेला. ३६० हा आकडा काही मी खरा मानत नाही, वर्षाच्या दिवसांवरून कुणीतरी बसवलेला दिसतो. पण याच राजाचा १११० सालचा मिरजेचा ताम्रपट आहे आणि ती आख्यायिका नाही. त्यात लिहिलंय की मिरज प्रांतात राजानं गंडसमुद्र नावाचा तलाव बांधला आणि काठावरच्या तीन देवांना जमीन दिली: ईश्वर, बुद्ध आणि अर्हत. एका पाण्याच्या काठाला तिघे. रंकाळ्यावर बसून हा ताम्रपट आठवला की संध्याकाळ वेगळीच जाते.

पाण्यातला संध्यामठ, पलीकडचा १९३० च्या दशकातला शालिनी पॅलेस, कडेनं चालायला रस्ता. सगळं फुकट. अडचण आपली एकच, खाणं. चौपाटीवरच्या भेळेत कांदा, भडंगात लसूण, मिसळीत दोन्ही. आणि चौविहार असेल तर सूर्य मावळायच्या आत तोंड धुऊन मोकळं व्हायला हवं. माझा मार्ग असा: घरून किंवा मेसमधून डबा, साडेपाचपर्यंत पोचायचं, पाण्याकडं तोंड करून खायचं, मग सूर्यास्त निवांत बघायचा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य जातो, तेव्हा आणखी लवकर. भाजलेलं कणीस आणि फुटाणे कुणालाही चालतात. बाकीचे लोक सूर्य बुडाल्यावर खायला सुरुवात करतात, तेव्हा आपण फिरायला मोकळ्या झालेल्या असतो. चौविहारानं संध्याकाळ बुडते असं मुली म्हणतात, ते मला पटत नाही.

भवानी मंडप आणि त्याच्या अवतीभोवतीचा भाग महालक्ष्मीच्या दर्शनाच्या गर्दीत सगळ्यांचाच बघून होतो. एक सांगते. राजाराम कॉलेज आधी याच भागात भरायचं. १९३० पासून १९६२ पर्यंत त्या कॉलेजात अर्धमागधी शिकवणारे प्राध्यापक म्हणजे डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये, आपल्या सदलग्याचे. कुंदकुंद आचार्यांच्या प्रवचनसाराची त्यांची आवृत्ती १९३५ मध्ये निघाली, आणि जगभरचे प्राकृताचे अभ्यासक ती वापरत आले. आपल्या कपाटात ग्रंथ रेशमी कापडात बांधून ठेवलेला असतो. तो पाठभेद लावून, शब्द तपासून लोकांसमोर ठेवायचं काम या गावातल्या एका सरकारी कॉलेजातल्या मास्तरांनी केलं.

जवळच खासबाग मैदान. महाराजांनी परदेशात रोमची जुनी आखाडेवजा रंगशाळा पाहिली आणि इथं कुस्तीचं मैदान बांधलं, १९१२ मध्ये ते पुरं झालं. शेजारचं पॅलेस थिएटर, म्हणजे केशवराव भोसले नाट्यगृह, २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत जळालं. लग्नाआधी मी तिथं बाल्कनीत बसून नाटकं बघितलीत. ते जळाल्याच्या दुसऱ्या दिवशी गावातली म्हातारी माणसं नुसती बाहेर येऊन उभी होती. जे आहे ते आत्ताच बघून घ्या म्हणते, ते यासाठी.

विद्यापीठाच्या आवाराबद्दल मुलींना वेगळं सांगायला नको, त्या तिथंच असतात. १९६२ मध्ये सागरमाळावर विद्यापीठ सुरू झालं तेव्हा नुसतं माळरान होतं. आता झाडी, पाखरं आणि पहाटे फिरणारं निम्मं गाव. तिथलं वि. स. खांडेकरांचं स्मृतिसंग्रहालय मात्र बऱ्याच जणी पदवी घेऊन जातात तरी बघत नाहीत.

वहिनींच्या सासूबाईंना मी फोनवर एवढंच म्हटलं: "आत्या, तिला देशव्रत द्या." देशव्रतात आपण आपल्यापुरती हद्द आखतो, आज इथून इथपर्यंतच जाईन. मुलीला म्हणावं, या वर्षी पंचगंगेपासून रंकाळ्यापर्यंतच हद्द, पण त्या हद्दीतलं सगळं बघायचं. घरात कोंडणं याला व्रत म्हणत नाहीत, व्रत ज्याचं त्यानं घ्यायचं असतं. आणि मुलगा शिकायला आला असता तर हा प्रश्न निघालाच नसता, हेही मी म्हटलं. पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही, मग त्यांनी विचारलं, "बाहुबलीला बस जाते का थेट?"

जाते. एस.टी.नं कुंभोज-बाहुबली एका दिवसात आरामात होतं, रेल्वेनं हातकणंगल्याला उतरूनही जाता येतं. क्षेत्रावर समंतभद्र महाराजांनी १९३४ मध्ये सुरू केलेला आश्रम आहे (श्रावकाचाराचे समंतभद्र आचार्य फार प्राचीन, हे महाराज अलीकडचे, मुली गोंधळतात), आणि १९६३ ची २८ फुटी बाहुबलींची मूर्ती. जेवणाची सोय तिथंच, आपल्या पद्धतीची आणि वेळेतली. डोंगर चढायचा असेल तर सकाळीच चढा. खिद्रापूर त्यापेक्षा लांब, कुरुंदवाडवरून जावं लागतं. कोपेश्वराचा स्वर्गमंडप बघायला सगळे येतात आणि परत फिरतात. गावातलं आदिनाथ मंदिर विचारून विचारून शोधावं लागतं, तेवढं मात्र शोधाच. आणि बाहुबलीहून परतताना कुंभोज गावातून एक चक्कर मारा. भाऊराव १८८७ मध्ये तिथंच जन्मले.